न उडालेले चकवे

त्या सकाळी चकवे उडाले नाहीत, आणि आम्ही दोघं येड्यासारखे खूश झालो.

आज पहाटे मुकुटबनचे हमीदभाई गेले. सायकल मेकॅनिक. नव्वदीच्या घरात होते.

त्यांच्या पोराचा फोन आला तेव्हापासून मन लागून नाही राह्यलं. ते होते तोवर मले एक गोष्ट बोलता येत नव्हती. आज बोलतो.

साल बासष्ट असेल, नाहीतर त्रेसष्ट. मी अठराचा. मॅट्रिक अर्धवट सोडून घाटंजीहून निघालतो, झरी जामणीच्या जंगलात लाकूडतोड्यांसोबत राह्यलो, तिथून मुकुटबनले आलो आन् हमीदभाईंच्या दुकानासमोर टेकलो.

ते मडगार्ड ठोकता ठोकता थांबायचे, मान वर करून म्हणायचे, "आले."

मले काहीच दिसायचं नाही. मग दूर कुठंतरी धोबी पाखराची चिवचिव यायची.

पावसाळा सरला की रोज पहाटे ते सायकलनं संगमावर. आमचा नाला पैनगंगेले मिळते तिथं, पाणी उतरलं की गाळाचा मोठा पट्टा उघडा पडते. थंडीची पाखरं तिथं उतरतात. दुर्बीण नाही, पुस्तक नाही. नुसतं गवतात पडून पाहायचं. दुकानातली एक सायकल घेऊन मीही जाऊ लागलो.

चकवा म्हणजे नारिंगी बदक. लय हुशार. शंभर पावलांवर माणूस दिसला की एक ओरडते आन् सारा थवा हवेत. हमीदभाई सात वर्षं पोटावर सरपटत होते, एकदा तरी जवळून पाहता यावं म्हणून.

त्या दिवशी जमलं.

पन्नास पावलं. वीस. दहा. चकवे बसलेलेच.

हमीदभाईंनी माझ्याकडे पाह्यलं. डोळे भरले होते. कानात म्हणाले, "पहचानने लगे, बे."

मग त्यांनी हात लावला.

पाखराची मान लुळी होऊन त्यांच्या मनगटावर पडली.

तेव्हा कुठं ध्यानात आलं, की टिटवी ओरडली नव्हती. बेडूक नाही, काही नाही. काठाले मासे पोट वर करून पडले होते. पाण्याले कपाशीवरच्या दवाईचा वास.

त्या वर्षी एन्ड्रिन हे कीटकनाशक नवीनच आलं होतं. वरच्या डोहात कोणीतरी मासे मारायले ओतलं. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हमीदभाई उठले. त्या दिवशी बाजार होता. वरचे मासे टोपल्या भरून बाजारात गेले असणार. आन् खाली नदीकाठी कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे पाडा, पंधरावीस घरांचा. वाहून आलेले मासे तिथं चुलीवर चढायले किती वेळ?

"मी बाजारात जातो. तू पोडावर जाय. तुले मी वळखतो म्हणून सांगतो, कुठी थांबू नको."

मी थांबलो.

अर्ध्या वाटेत, ज्वारीच्या पल्याड माळावर एक पाखरू चाललं होतं. कमरेएवढं उंच. पांढरी मान ताठ. माळढोक! हमीदभाई ज्याच्या नुसत्या गोष्टी सांगायचे, त्यांलेही कधी न दिसलेला.

वाटलं, मिनिटभर पाहू. त्यांले सांगू.

सायकल आडवी टाकली. तो चालला, मी मागं. तो थांबला, मी बसलो. असंच.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मले पोड आठवलं.

पोचलो तर घराघरातून धूर. मी ओरडत सुटलो. लोकांनी वाढलेलं तसंच ठेवलं. पण म्हातारा जंगूबाबा आधी जेवला होता. दरसाल हमीदभाईंले, आन् यंदा मलेही, आपल्या डोंग्यातून पाखरं दाखवायले नेणारा जंगूबाबा. मले पाहून हसला, म्हणे बस, भात घे.

मग त्याचे दात घट्ट बसले.

लोक बैलगाडी जुंपत होते, तेव्हा मी झोपडीमागं जाऊन सायकलच्या मागच्या चाकाची हवा सोडली.

गाडी मुकुटबनले पोचायच्या आत जंगूबाबा गेला.

पोलीस पाटलानं विचारलं, सकाळचा निघालेला तू, एवढा उशीर काहून? म्हटलं, पंक्चर झाली, ढकलत आलो.

लोकांनी पाठीवर हात ठेवले. पोट्टं ढकलत आलं, म्हणून पोड वाचलं.

संध्याकाळी पाटील आन् पोडातले चारपाच जण माझ्यासोबत दुकानात आले. हमीदभाईंचा ओठ फाटलेला, सदरा फाटलेला. बाजारात कोणी ऐकेना. मेकॅनिक, तू आपलं चाक पाह्य, म्हणाले. तर यांनी टोपल्याच लाथेनं उलथवल्या आन् मार खाल्ला.

पंक्चरचं ऐकून त्यांनी माझी सायकल उलटी केली. ट्यूब काढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात धरली. सरकवत सरकवत पूर्ण फिरवली.

एक बुडबुडा नाही.

पुन्हा फिरवली.

मग माझ्याकडे पाह्यलं. तसं कोणी माझ्याकडे आजवर पाह्यलं नाही.

त्यांनी ट्यूब पुसली. चांगल्या रबरावर कानस घासली, सोल्यूशन लावलं, पॅच चिकटवला. पाटलाले म्हणाले, "बाभळीचा काटा होता."

लोक गेले. मले वाटलं आता मारतील. नाही मारलं. फक्त म्हणाले, "ये झूठ अब मेरा भी है. कुणाले सांगू नको."

माळढोक दिसला, हे मी त्यांले कधीच सांगितलं नाही.

ते पुन्हा संगमावर गेले नाहीत. वरून चकवे ओरडत गेले तरी मान वर करत नसत, असं त्यांचा पोरगा सांगे.

मी बोललो असतो तर ते खोटे पडले असते. आता कोणी खोटं पडत नाही, माझ्याशिवाय.

जंगूबाबाची पणती माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. बाई, तुमच्या घरी मले अजून पोड वाचवणारा म्हणतात. दिवाळीले बोलावता, पहिलं ताट मले वाढता.

पंक्चर नव्हती, बाई. मी पाखरू पाहत होतो.

हमीदभाई, आज दुपारी असरच्या नमाजानंतर माती आहे. मी येऊन राह्यलो. या खेपेला कुठं न थांबता.