पाय धुवायला गेलो आणि म्हैस पदरात पडली

नगरहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर डझनभर नव्या टॉवेलांचं गाठोडं होतं. आमच्या चर्चमधले आम्ही चौघं शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीवर पायांच्या तपासणीचं शिबिर घ्यायला निघालो होतो. पुढारीपण रूथबाईंकडे होतं. त्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, औषधातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून माझ्याकडे लोकांचे पाय धुण्याचं काम आलं. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, तेव्हा हे काम मिळाल्यावर मी मनातून बराच सुखावलो होतो. वाटेत डोळे मिटले की मला मीच दिसायचो, गुडघ्यावर बसलेला, चेहऱ्यावर नम्र भाव.

कोल्हापुरात उतरल्यावर मिसळ खाल्ली. "कट जरा जास्तच घाला," असं मी ऐटीत सांगितलं (कट म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा). पुढचा अर्धा तास नम्रच काय, कुठलाच भाव मला चेहऱ्यावर धरता आला नाही. डोळे पुसण्यात एक नवा टॉवेल कामी आला.

मलकापूर सोडून जीप वर चढू लागली तसा पाऊस बारीक झाला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पाण्याने भरलेली, त्यांत ओळीने वाकलेल्या बायका तरवा (भाताची रोपं) लावत होत्या. ढग इतके खाली आले होते की डोंगरांचे नुसते पायथेच दिसत होते.

समाजमंदिराच्या ओसरीवर आम्ही बादल्या मांडल्या. रांगेत पहिले होते दौलूआण्णा, सत्तरीचे, काटक, डोक्याला पटका. मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले.

"पावनं, ह्ये काय करालायसा?"

"पाय धुतोय, आण्णा."

"कुनाचं?"

"तुमचे."

त्यांनी दोन्ही पाय झटकन बाकावर घेतले. "मी काय जावई हाय व्हय?"

सगळी रांग फिस्सकन हसली. आपल्याकडे लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो, एरवी म्हातारा माणूस परक्याला पायाला हात लावू देत नाही, हे मी प्रवासभर विसरूनच गेलो होतो. मागून आण्णांची शेजारीण हौसाक्का ओरडली, "बसा की वो! फुकटचा सासरा गावलाय. अंगठी बी मागून घ्या!"

"अंगठी नाही, टॉवेल देतो," मी म्हणालो. आण्णा हसले आणि पाय खाली आले.

चिखल निघाला तसा उजव्या अंगठ्याखाली एक काटा दिसला. चांगला आत रुतलेला, भोवतीचं मांस काळं पडलेलं.

"आण्णा, दुखत नाही हे?"

"कुटं काय?"

रूथबाईंनी येऊन पाहिलं, रक्त तपासलं. "साखर भरपूर आहे. पायाची जाणीव गेलीय म्हणून कळलं नाही. आजच्या आज कोल्हापूरला न्यायला पाहिजे, नाहीतर पाय जाईल."

"जमायचं न्हाय," आण्णा म्हणाले. "चंपीला कोन बघनार?"

चंपी म्हणजे त्यांची म्हैस. बायको वारलेली, मुलगी चंदगडला दिलेली, घरात आण्णा आणि चंपी दोघंच. त्यात नुकतंच रेडकू दगावलेलं. धार हौसाक्का काढू शकत होती, पण लावणीच्या दिवसांत वैरण, शेण, पाणी कोण करणार? आण्णा पटका सारखा करून उठायलाच लागले.

"मी बघतो म्हशीला," कोणीतरी म्हणालं. तो मीच होतो.

"मास्तर, तुम्हाला म्हशीतलं काय कळतं?" रूथबाईंनी विचारलं.

"पायांतलं तरी काय कळत होतं?"

आण्णांनी मला बाजारातल्या जनावरासारखं खालीवर न्याहाळलं. पसंत पडलो नाही हे स्पष्ट दिसलं, पण ते रूथबाईंबरोबर जीपमध्ये बसले.

संध्याकाळी चंपीने पहिल्याच लाथेत बादली खाचरात धाडली. रेडकू गेल्यापासून ती फक्त आण्णांच्या आवाजावर पान्हा सोडायची. मी तिला गोंजारलं, शेवटी हळू आवाजात आमचं एक भक्तिगीत म्हटलं.

"गानं नगा म्हनू," हौसाक्का म्हणाली. "तिला वाटालंय आनि कोन मेलं."

कास दगडासारखी टणक झाली होती. असंच राहिलं तर म्हैस आजारी पडेल, असं हौसाक्का म्हणाली. दवाखान्यातून आल्यावर आण्णांना काय तोंड दाखवू? दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन सुचला. पण वाडीत रेंज येते फक्त समाजमंदिराच्या पायरीवर. म्हणून मी चंपीला ओढत तिथं नेलं, आण्णांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो तिच्या कानाशी धरला.

"आगं ए भवाने! नीट हुबी ऱ्हा की! पावन्याला का छळालीस?"

चंपीचे कान वळले. हौसाक्काच्या हाताखाली दुधाची धार वाजू लागली. तिकडे वॉर्डात कोणीतरी विचारलं, "आण्णा, घरची मंडळी काय?" आण्णा म्हणाले, "व्हय, तीच की."

पुढे पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, आमची ही वरात निघायची आणि बघायला निम्मी वाडी जमायची. एकदा शेण भरताना हौसाक्काने सरळ विचारलं, "खरं सांगा मास्तर, आमास्नी किरिस्ताव करायला आलायसा?"

"नाही. माझ्या देवानं सांगितलंय म्हणून आलो."

"काय सांगितलंय? लोकांच्या म्हशीचं शेन काडा म्हनून?"

मी थोडा विचार केला. "जवळजवळ तसंच."

"मग देव शाना हाय तुमचा," असं म्हणून तिने दुसरी पाटी माझ्या डोक्यावर ठेवली.

आण्णा परतले. अंगठा गेला होता, पाय राहिला होता. ते आधी गोठ्यात गेले. संध्याकाळी धारेला त्यांनी स्वतः हाक मारली, तरी चंपी ढिम्म. समाजमंदिराच्या पायरीपाशी नेल्याशिवाय ती पान्हाच सोडेना!

"पावनं, पाय वाचिवलासा, पर म्हस बिघडिवलीसा की!" आण्णा कळवळून म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र लंगडत मला सोडायला आले आणि हातात धरलेला माझा हात त्यांनी एसटी येईपर्यंत सोडला नाही.

घरून निघताना सेवा कशी करायची हे मी ठरवून निघालो होतो, अगदी चेहऱ्यावरच्या भावासकट. ती तशी घडली असती तर मी दोन दिवसांत परतलो असतो, स्वतःवर फार खूश होऊन. आण्णांना माझी नम्रता नको होती, वैरण कापणारा माणूस हवा होता.

कोल्हापूरहून नगरच्या गाडीत शेजारच्या बाईंनी दोनदा नाक मुरडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलून पुढच्या सीटवर गेल्या. आंघोळ दोनदा केली होती, पण गोठा एवढ्यात अंगावरून उतरत नसावा. मी रिकाम्या जागेवर पाय पसरले. अशी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.