आमच्या शिलेदारांचं ऑथेंटिक चिन्ह

चार माणसं आणि एक अध्यक्ष एकत्र आले की किस्से आपोआप साठत जातात. आमच्याकडे तर अध्यक्षांच्या जोडीला इतिहासही होता, मग काय विचारता!

बरकतपुऱ्यातलं आमचं शिलेदार मंडळ. रविवारी कुतुबशाही काळातल्या सैनिकांसारखे कपडे घालायचे आणि ढाल-तलवारीचे खेळ करायचे. वेगळ्या तेलंगणाचं आंदोलन जोरात चालू होतं, तेव्हाची गोष्ट. मंडळाला 'हिस्टॉरिकली ऑथेंटिक' चिन्ह हवं, असं अध्यक्ष माधवरावांनी ठरवलं. ते वकील, घराणं पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीतलं. मी सिकंदराबादला रेल्वे ऑफिसात. हात चित्रकलेचा, म्हणून काम माझ्या गळ्यात!

*

पहिलं डिझाइन त्यांनीच इंटरनेटवरून आणलं. दोन बाजूंना उभे सिंह, मध्ये ढाल आणि वर चेहरा झाकणारा लोखंडी टोप.

"काका, हे विलायतेतलं आहे. असला टोप इथं मे महिन्यात घातला, तर शिलेदार लढाईआधीच जाईल!"

"अरे, पण बघताक्षणी ऑथेंटिक वाटतं की नाही?"

वाटतं! म्हणजे असायला नको, नुसतं वाटायला हवं. माझं डोकंच फिरलं.

*

मग मी आपल्याकडची साधी गोल ढाल काढली. तर मधल्या जागेवरून भांडण! कुकटपल्लीचा श्रीनिवास मूळ गुंटूरचा, म्हणजे एकत्र राज्यवाला, त्याला तिकडचा कलश हवा. यादगिरी वरंगलचा, म्हणजे तेलंगणावाला, त्याला तिथल्या किल्ल्यातली कमान हवी.

"कलश तुम्हारा, लेके जाओ गुंटूर को!"

"हौ, लेके जातूं! चहा की किटली भी मेरीच है!"

किटलीचं नाव निघताच सगळे श्रीनिवासची समजूत काढायला धावले. माधवरावांनी तडजोड काढली, कमानीखाली अर्धा कलश. अर्धा! दिल्लीवाल्यांनाही अशी वाटणी सुचली नसती.

*

झेंड्याला केमिकलचा रंग नको, हळदच हवी, हाही माधवरावांचाच हट्ट. पहिल्याच रविवारी घामानं रंग सुटला आणि झेंडे धरणारे सगळे नवरदेवासारखे पिवळे! आणि हे सांगणारे माधवराव स्वतः स्पोर्ट शूज घालून उभे. विचारलं तर म्हणे, "मला शुगर आहे रे."

आम्ही मोजड्यांत पाय सोलून घ्यायचे, आणि इतिहासाचा मक्ता यांच्याकडे!

*

खरा संताप पुढं आहे. फर्मान निघालं, की प्रत्येकाच्या ढालीवर ज्याच्या त्याच्या घराण्याचं चिन्ह. चिन्ह नसेल त्याला ढाल नाही. सगळ्यांच्या ढाली मीच रंगवल्या. शेवटी माझी उरली.

"तुझं कसं करायचं रे गौतम? तुमच्याकडचं काही रेकॉर्ड नाही मिळत. तू मशाल धर. त्या काळी तसंच असायचं. पर्सनली घेऊ नको हां, ऑथेंटिसिटी!"

आम्ही परभणीकडचे, जयभीमवाले. सगळ्यांना माहीत होतं. जो तो आपापली ढाल न्याहाळू लागला, यादगिरी मोबाइल बघत बसला. आणि यांच्या घराण्यांची चिन्हं कुठून आली होती? मीच काढली होती, चहा पिता पिता! मला ढाल हवी होती. अंगाची नुसती आग झाली.

*

मंडळाचं चिन्ह जाहीर होणार त्या रविवारी घरच्यांनाही बोलावलं होतं. मी मशाल धरून कोपऱ्यात. माधवरावांनी कलश आणि कमान दोन्ही रद्द केले, आणि जरीच्या रुमालातून एक जुना पितळी बिल्ला काढला. लंबगोल, झिजलेली उर्दू अक्षरं, मागं पट्टा ओवायला दोन कड्या.

"आमच्या घराण्याची मुद्रा! आजोबांच्या ट्रंकेत मिळाली. आजपासून मंडळाचं चिन्ह हेच. याहून ऑथेंटिक काय असणार?"

टाळ्या! श्रीनिवासनं तर बिल्ल्याला हात लावून नमस्कार केला.

माझी आई पुढं गेली. चष्मा सारखा करून तिनं तो उलटासुलटा पाहिला.

"अगं बाई, हा तर आपल्या घरी पण आहे की! गौतमच्या आजोबांचा."

माधवराव हसले. "कसं शक्य आहे, ताई? ही सरदार घराण्याची खूण आहे."

"असंल की," आई म्हणाली. "आमचे सासरे निजामाच्या काळात तहसिलीत चपराशी होते. रोज हाच बिल्ला छातीवर लावून जायचे. तुमचे आजोबा कुठल्या कचेरीत होते?"