भांडी वाचणारी पाठराखीण

साळूबाईला अक्षर येत नव्हतं, पण अंबडजवळच्या त्या गावात तिच्यावाचून एकही लग्न पार पडत नसे. किती माणसांना किती पीठ लागतं, आचारी कढईतलं तेल कुठे लपवतो, रुसलेल्या मावशीला नेमकं कधी जेवायला उठवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. नवरा लवकर गेला, तशी ती भाऊ रामकिसनकडे राहायला आली, आणि महिन्याभरात घर तिचं आणि रामकिसन पाहुणा असा कारभार सुरू झाला. लोक म्हणत, "साळूबाई असली की नवरदेव उशिरा आला तरी चालतंय."

तिचं घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. लग्नाला चाळीस घरांतून भांडी मागून आणायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची, ही गावची रीत. प्रत्येक भांड्यावर मालकाचं नाव टिपक्याटिपक्यांनी कोरलेलं असे खरं, पण साळूबाईला सगळ्या टिपक्या सारख्याच. मग याची कळशी त्याच्याकडे, त्याचं पातेलं हिच्याकडे, आणि वऱ्हाड गेल्यावर गावात पुढचे आठ दिवस दुसरंच लग्न लागलेलं.

हा प्रश्न सोडवला तिच्या भाचीने, रामकिसनच्या धाकट्या लेकीने.

बेबीनंदा बोलायची कमी. डोळ्याला डोळा भिडवायची नाही. लाउडस्पीकर लागला की कानांवर हात ठेवून खांबाभोवती गोल गोल फिरायची. पण भांडं दिसलं की ते पालथं झालंच म्हणून समजा. नाव वाचायचं, त्यावरून बोट फिरवायचं, पुन्हा वाचायचं. शेजारणीकडे तिने एकदा चहाचं पातेलं पालथं केलं ते चहासकट.

शाळेतले गुरुजी म्हणाले, "पोरगी खुळी आहे हो, रामकिसनराव."

रामकिसन खाली मान घालून उभा राहिला. साळूबाई नाही राहिली.

"गुर्जी, तुमच्या घरातल्या शेवेच्या डब्यावर कुणाचं नाव हाये?"

"माझंच असणार."

"पोरीला इचारा."

"हेडमास्तरांचं," बेबी भिंतीकडे बघत म्हणाली.

गुरुजी घरी गेले, डबा बघून आले, आणि त्या दिवसापासून बेबीला खुळी म्हणाले नाहीत. पुढे जालन्याच्या एका डॉक्टरणीने याला स्वमग्नता म्हणतात असं सांगितलं, तेव्हा साळूबाईने बराच विचार केला. "मग्न हाये हे बराबर," ती म्हणाली, "पन स्वतःत कुठं? भांड्यात हाये की."

तिने बेबीला भांड्यांवरून उठवायचं सोडून दिलं आणि भांडीच तिच्या ताब्यात दिली. मांडवामागची एक खोली, दाराला जाड गोधडी, म्हणजे आवाज कमी. लाउडस्पीकरचं तोंड शेजारच्या साहेबरावच्या गोठ्याकडे. (त्या हंगामात साहेबरावची म्हैस दूध चोरते अशी तक्रार होती, पण म्हशीला लग्नाची आवड नसेल त्याला कोण काय करणार.) बेबी खोलीत बसून भांड्यांच्या रांगा लावायची. बायका दारातून हाका मारत, "बेबे, माझी कळशी?" आतून उत्तर येई, "तिसरी रांग. बुडाला पोचा. मागच्या वर्षी नव्हता." दोन हंगामांत एकही भांडं चुकीच्या घरी गेलं नाही. गावातल्या भांडकुदळ बायकांना करमेनासं झालं.

पण भांड्यांना एक दुसरी खोड होती. ती आहेरात फिरायची. एका लग्नात आलेला डबा दुसऱ्या लग्नात द्यायचा, फक्त जुनं नाव खरवडून आपलं घालायचं. सगळेच करायचे, म्हणून कुणीच बोलायचं नाही. बेबी बोलायची. खरवडल्या जागेवर बोट फिरवून ती खालचं नाव वाचायची, आणि वाचलं की मोठ्याने. तिच्या या वाचनापायी गेल्या उन्हाळ्यात दोन सख्ख्या जावांनी एकमेकींचं तोंड बघायचं सोडलं, तेव्हा रामकिसनने हात जोडले. "बस झालं. आता ही कुण्या मांडवात जानार न्हाई."

आणि नेमकं शहाण्णव सालच्या मे महिन्यात घरचंच लग्न निघालं. थोरली सत्यशीला घनसावंगीच्या तातेरावांच्या घरी द्यायची ठरली. सत्यशीलेने एकच गोष्ट मागितली. पाठराखीण म्हणून सासरी सोबत बेबी पाहिजे.

"तिथं जाऊन ती इहिणीची भांडी पालथी करंल!" रामकिसन ओरडला.

"मंग करू दे. रिकामी असतील तर काय सांडतंय?" साळूबाई म्हणाली.

"अक्का, पोरीच्या संसाराचा पहिला दिवस हाये त्यो!"

"म्हनूनच तिला तिची बहीन पाहिजे."

रामकिसन दोन दिवस ताट आपटून जेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मांडवात काही गडबड झाली न्हाई तर जाऊ दे. झाली तर बिलकुल न्हाई." साळूबाईने हे वाक्य त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि सत्यशीलेला साक्षीला ठेवलं.

लग्नाच्या दिवशी सगळं बेतात होतं. वंदना झाली, पंचशील झालं, फुलं पडली. बेबी पांढरं पोलकं-परकर घालून खोलीत आपल्या चाळीस घरांत रमली होती. साळूबाई दर पंधरा मिनिटांनी गोधडी बाजूला करून बघायची आणि खुशीत परत फिरायची.

चूक तिचीच झाली. मांडवात आहेर साठायला लागला, जागा पुरेना, तेव्हा तिनेच पोरांना सांगितलं, "उचला, मागच्या खोलीत नेऊन टाका." सांगितलं, आणि वाढप्यांना झापायला निघून गेली.

वाढप्यावर तोंड सोडलेलं असतानाच तिला मांडवाच्या मधोमध बेबी दिसली. दोन्ही हातांनी एक भलंमोठं पितळी गंगाळ छातीशी धरलेलं, आणि चेहऱ्यावर इतका आनंद की नवरीच्याही नव्हता.

"साहेबराव," ती म्हणाली, "यांजकडून सप्रेम भेट."

साहेबराव, म्हणजे रामकिसनचा चुलतभाऊ, खुर्चीत सावरून बसला. चारचौघांत नाव निघालं म्हणून मिशीवरून हातही फिरवला.

बेबीचं बोट गंगाळावर सरकलं. "त्याच्या खाली साळूबाई. यांजकडून सप्रेम भेट."

मिशीवरचा हात तिथेच राहिला. साळूबाईला सगळं आठवलं. हे धूड तिच्या घरात पडून होतं, दर आठवड्याला चिंच लावून घासावं लागायचं, आणि तेव्हा गावात स्टीलचं वारं आलेलं. साहेबरावच्या लेकीच्या लग्नात तिने ते मोठ्या मानाने खपवलं होतं. साहेबरावच्या बायकोनेही घासून घासून कंटाळून आज ते देऊन टाकलं, आणि गंगाळ ज्या घरातून निघालं त्याच घरी बरोबर येऊन पोचलं.

मांडवात कुणीतरी खुसखुसलं. रामकिसन रागाने लाल होऊन निघाला. त्याने बेबीचा दंड धरला, तशी ती आक्रसली आणि तिचा आनंद विझला. नवरीच्या जागेवरून सत्यशीला उठून उभी राहिली.

"सोड तिला!" साळूबाईचा आवाज लाउडस्पीकरच्याही वर गेला. "मी दिल्तं ते गंगाळ. ऐका सगळे! घासायचा कंटाळा आला म्हनून दिल्तं, आन वरून सायबरावला म्हनले व्हते, खास जालन्याहून आनलंय. पोरीनं काय खोटं वाचलं?"

मग साहेबरावच आधी हसला. "अक्का, मी बी आज रामकिसनला तेच सांगितलं की! खास जालन्याहून!"

हशा असा उसळला की आचारी झारा घेऊन बघायला आला. साळूबाईने रामकिसनची बोटं एकेक करून सोडवली आणि बेबीजवळ जाऊन, पण अंगाला हात न लावता, हळूच म्हणाली, "पुढं वाच, बाई. माज्या खाली कोन हाये?"

"बद्रीनाथ. अंबड."

"बराबर. त्याच्या खाली?"

इथे टिपक्या जुन्या होत्या, छिन्नीने ठोकलेल्या. बेबीने डोळे मिटले. बोट दोनदा गेलं, दोनदा आलं.

"तातेराव. घनसावंगी. सन एक्क्याऐंशी. त्याच्या खाली काहीच नाही. संपलं."

सगळ्या माना नवरदेवाच्या बापाकडे वळल्या. तातेरावांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो रिकामा आहे हे कळूनही पीत राहिले. त्यांच्या शेजारून उषाबाई उठली. नवरदेवाची आई. सहा फुटाला दोन बोटं कमी, आणि सकाळपासून एकदाही न हसलेली.

रामकिसनने डोळे मिटून घेतले.

उषाबाईने गंगाळ बेबीच्या हातातून घेतलं, फिरवून बघितलं, काठावरच्या एका पोच्यावर अंगठा ठेवला.

"माज्या बापानं दिल्तं मला, नाव न घालता. माहेरचं गंगाळ," ती म्हणाली. "पंधरा वर्षं या मानसाला इचारून राह्यले, कुठं गेलं? म्हने चोरांनी नेलं!" ती तातेरावांकडे वळली. "चोर अंबडला आहेर कराया गेल्ता का?"

तातेराव म्हणाले, "घाईत व्हतो गं तवा," आणि पुन्हा रिकामा पेला उचलला.

उषाबाई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग मांडवाचा खांब धरावा लागला. हसून झाल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि सरळ रामकिसनसमोर येऊन उभी राहिली. "व्याहीबुवा, पाठराखीण कोन येऊन राह्यली?"

रामकिसनने साळूबाईकडे बघितलं. साळूबाईने सत्यशीलेकडे. सत्यशीलेने बापाकडे अशी नजर लावली की त्याने शेवटी बोट बेबीकडे केलं.

"ही... धाकटी. बेबीनंदा. पन इहीणबाई, गडबड तर झाली..."

"कसली गडबड? माजं गंगाळ आलं. ही पोरगी माज्या जीपमधी बसंल. म्होरं, खिडकीपाशी."

"आन गाडीतला टेप बंद ठेवा," साळूबाईने लगेच घासाघीस सुरू केली. "आन तिला मिठी-बिठी मारायची न्हाई कुनी. आन दूधभाकर लागती, दूध वेगळं, भाकर वेगळी. आन..."

"लिहून देता का?"

"मला कुठं लिहिता येतंय! पोरगी सांगंल."

संध्याकाळी जीप निघायला आली. नवरी रडून घेत होती, साळूबाई तिच्याहून मोठ्याने. बेबी पुढे खिडकीशी गंगाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिचं सगळं लक्ष टिपक्यांत. उषाबाईने साळूबाईला जीपच्या मागे ओढलं आणि कानात कुजबुजली, "ताई, एक गोष्ट. घरी माज्याकडं नणंदेची एक परात हाये. तिला वाटतंय हरवली. पोरीला म्हनावं, ती मोठ्यानं वाचू नको."

"ती गप्प बसायची न्हाई. परातच हलवा."

उषाबाईने लगेच धाकट्या लेकाला फटफटीवर पिटाळलं. "पुढं जा, परात माळ्यावर टाक, वर दोन गोधड्या टाक. जल्दी!" फटफटी धुरळा उडवत गेली. उषाबाईने सुटकेचा श्वास टाकला आणि ती बेबीशेजारी येऊन बसली.

बेबीने गंगाळावरून बोट उचललं नाही. खिडकीबाहेर बघत तिने विचारलं,

"माळ्याला शिडी हाये का?"