मोजणीदाराची वहिनी

ऑफिसात त्याला सगळे मोजणीदार म्हणत. आपली आठ कामं यंत्रावर एकाच वेळी चालतात, असा प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाचा दावा असे. त्यातली खरोखर किती चालतात आणि किती नुसती खोळंबून बसतात, हे मोजून सांगणं ही याची नोकरी. आकडा सांगताना चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

गेल्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाची बायको त्याच ऑफिसात लागली आणि त्याच्या डोक्याला घोर लागला. घरच्यांना झुकतं माप देतो, असं कुणी म्हणायला नको! म्हणून इतरांची कामं तो सेकंदाला एकदा मोजे, तर वहिनींची हजारदा.

त्या दिवशी वहिनींचा आकडा आला एक पूर्णांक तीन. म्हणजे आठातलं जेमतेम एक चालू, बाकीची रांगेत. त्याच दिवशी चार वाजता साहेब त्यांचा प्रोग्राम मोडीत काढणार होते आणि त्याच्याबरोबर वहिनींची नोकरीही.

"भाऊजी, पुन्हा एकदा मोजा ना."

"ऑफिसात भाऊजी म्हणू नका."

"बरं. मोजणीदार, पुन्हा एकदा मोजा ना."

त्याने नाही म्हटलं. पण जेवायच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्याने रांग उघडून पाहिली. आठही कामांना एकाच फाइलीत लिहायचं होतं आणि एका वेळी एकालाच लिहिता येत होतं. रांगेत मात्र नऊ जण होते. नववा त्याचाच मोजणीचा प्रोग्राम! सेकंदाला हजारदा तो त्याच फाइलीत आपली नोंद लिही आणि तेवढा वेळ बाकीच्यांना ताटकळत ठेवी. त्याने मोजणी सेकंदाला एकदाच ठेवली. आकडा आला साडेसहा. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

चार वाजता तो साहेबांसमोर उभा राहिला. "चूक माझी आहे. मोजायच्या नावाखाली मीच सगळ्यांच्या आड येत होतो."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि हे नेमकं आज दिसलं? म्हणजे घरच्या माणसासाठी आलात."

वर्षभर तो याच वाक्याला भीत होता. ऐकायला तसं साधंच होतं.

"हो, घरच्या माणसासाठीच आलोय," तो म्हणाला. "आता तुम्ही मोजा. मी बाहेर थांबतो."