मुठीतल्या मिरच्या

माझ्या कादंबरीत काळी विद्या होती ती राजाच्या प्रधानाकडे. त्याच्या मंत्रानं गावातली मुलं झुरायची आणि वेशीवरची एक म्हातारी मीठ-मिरच्या ओवाळून ती पीडा स्वतःवर घ्यायची. ही म्हातारी मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतून उचलली होती. शेजारच्या मावशी. त्यांचं एकुलतं पोर पाळण्यातच गेलं होतं. गल्लीत कुणाचंही लेकरू तापलं की आया दृष्ट काढायला त्यांच्याच दारात येत. मावशी मोहऱ्या, मीठ आणि भिवापूरच्या मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायच्या आणि शेवटी ती मूठ स्वतःच्या कपाळाला लावायच्या. असं दुसरं कोणी करत नसे.

पुस्तक गल्लीत कोणी वाचलं नाही. मुंबईच्या एका कंपनीनं बोलपटासाठी ते घेतलं तेव्हा मात्र सगळ्यांची छाती फुगली, माझीसुद्धा. दिग्दर्शक म्हातारीचं काम करणाऱ्या नटीला घेऊन नागपूरला आले. मावशींनी तिला आपल्या ओसरीवर बसवून शिकवलं.

"मूठ घट्ट धर वं माय. अन् कपाळाले लावशीन तवा मनात म्हणजो, लेकराचं मले लागू दे."

नटी हुशार होती. तिनं हात हुबेहूब उचलला.

मग पटकथा आली आणि तिच्यात प्रधानच नव्हता. मुलांचा जीव म्हातारीच घेत होती. "प्रधानाची जादू कोण पाहणार? लोकांना चेटकीण हवी," दिग्दर्शक म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी भांडलो, मुंबईला खेटे घातले. हक्क विकून बसलेल्या लेखकाला तिथं कोणी चहासुद्धा विचारत नाही.

बोलपट सीताबर्डीला लागला. ठेवणीतलं लुगडं नेसून मावशी बायकांच्या बाकांवर पुढे बसल्या. पडद्यावर नटीनं मूठ ओवाळली, कपाळाला लावली, आणि पाळण्यातलं मूल निपचित पडलं. मावशींच्या शेजारची बाई आपलं पोर उचलून मागच्या बाकावर गेली.

त्यानंतर त्यांच्या दारात कोणी आलं नाही. जिच्या तिन्ही पोरांची दृष्ट मावशींनीच काढली होती, तिला मी कारण विचारलं. ती म्हणाली, "तसं काही नाही गा भाऊ, पण काहून उगाच." या गल्लीवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

माझी मुलगी तापली तेव्हा मी तिला भरदिवसा, सगळ्यांना दिसेल असं, मावशींकडे घेऊन गेलो. त्यांनी मिरच्यांना हात लावला नाही.

"मावशी, सिनेमा तो. सगळं खोटं असते."

त्या माझ्या मुलीपासून दोन पावलं मागे सरकल्या.

"माह्या लेकराची दृष्ट बी मीच काढली होती गा. मूठ कपाळाले लावली अन् सकाळी तो गेला. इतके वर्षं मले काही वाटलं नाही. आता तू सांग. पुस्तक तुनं लिहिलं, तुले ठाऊक असन."

मी तसं नाही म्हणालो, पुन्हा पुन्हा म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या मुलीला लांबूनच, हात पदराखाली ठेवून, बरी हो म्हटलं.