समेटाचं जेवण

"वाढ ना बाई. काऊन थांबून राह्यली?"

पाटलाचा पोरगा पत्रावळीसमोर मांडी घालून बसला होता. माझ्या हातात बोकडाच्या रश्श्याची पळी. माझा जबडा जुन्या लुगड्याच्या पट्टीनं डोक्यावरून बांधलेला. दोन दात गेलेले. तीन आठवडे मी नुसती पेज पीत होते. आणि हे मटण म्हणे माझा न्याय होता.

आम्ही ढिवर. गोंडपिपरीकडच्या एका गावात तलावातल्या मासळीवर जगणारे. मी एकोणीस वर्षांची होते. सकाळी एकटीच जाळं काढायला गेले, तेव्हा त्यानं मला तलावाच्या पाळीवर, बांधावरच, धरलं, चिखलात पाडलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्यानं माझ्याच डोंग्याचं वल्हं उचललं आणि तोंडावर घातलं. एकदा नाही. हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. रक्त गिळत घरी आले.

पंच बसले. त्याच्या बापाला विचारलं, माझ्या बापाला विचारलं. तलाव पाटलाच्या हाती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दाराआड उभ्या असलेल्या मला कोणी काही विचारलं नाही. ठरलं असं, की त्यानं गावजेवण द्यावं आणि पहिलं वाढप मी माझ्या हातानं त्याला करावं. म्हणजे मन साफ झालं. आमच्याकडे भांडण असंच मिटतं. चुकलेला जेवू घालतो, गाव जेवलं की प्रकरण संपतं. दोन शेतांमधल्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणाला ते ठीक असेल. माझा जबडा म्हणजे धुरा नव्हता.

"वाढ पोरी," मोठे पंच म्हणाले. "गावात राह्यचं आहे ना तुले?"

मी पळी पातेल्यात टाकली. पट्टी सोडली. कळ थेट मेंदूत गेली. लाळ आणि रक्त हनुवटीवरून ओघळलं. मी ते पुसलं नाही.

"यानं काय केलं ते यालेच सांगू द्या. सगळ्यांसमोर. मंग वाढीन."

तो हसला. "चावली तर तूच होती ना," म्हणाला.

पळी दुसऱ्या कोणीतरी उचलली. पंगत जेवली. माझा बापही मान खाली घालून जेवला. त्याची कीव येते, आणि अजून रागही येतो. एकटी आई पत्रावळीवरून उठली. दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी पायी ठाण्यात गेलो. तिथला शिपाई म्हणाला, "मिटलं ना तुमचं? जेवले ना लोक?" मी पट्टी पुन्हा सोडली. तक्रार लिहून होईपर्यंत बांधली नाही.

आता आजूबाजूच्या गावांत बाईच्या मारहाणीवर बैठक बसली की मी बोलावणं नसताना जाते. या वाकड्या जबड्यानिशी मधोमध बसते. आपसात मिटवायला माझी ना नाही. पण आधी ती बोलेल. मग तो स्वतःच्या तोंडानं सांगेल, काय केलं. पुढचं तीच ठरवेल, आणि ती नाही म्हणाली तर ठाणं आहे. तोवर जेवणाची चूल कोणी पेटवली तर मी तीत पाणी ओतते. दोनदा ओतलं आहे. पुन्हा ओतीन.