आधी पायरी

नव्वदच्या दशकात बहरीनमधल्या हमद टाउनच्या एका गॅरेजमध्ये मी गाडी दुरुस्तीला टाकली होती. तिथला वेल्डर रत्नागिरीकडचा होता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. काम हातात घेण्यापूर्वी तो चष्मा कपाळावर सरकवून माणसाला नीट न्याहाळत असे.

त्या दिवशी एक बहरिनी तरुण वाळूत चालणारी चारचाकी मोटरसायकल घेऊन आला. ती परदेशात हरणांच्या शिकारीला न्यायची होती. त्याला बंदुकीचा स्टँड आणि हरीण बांधायला मागे जाळी हवी होती. काठी टेकून उभे असलेले त्याचे वडील मोडक्या हिंदीत म्हणाले, गुडघा चढू देत नाही, यंदा मी घरीच.

वेल्डरने आधी पायरी आणि धरायला दांडा जोडला.

"जाळी कुठाय?" तरुणाने हिंदीत विचारलं.

वेल्डर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "हरणाची जागा मागनं बघू. आधी बापाची करू." मग म्हाताऱ्याला अरबीत म्हणाला, "यल्ला, हज्जी," म्हणजे चला, बाबा.

पायरी, दांडा, आणि म्हातारा सीटवर. त्याने काठी मुलाच्या हातात दिली आणि वेल्डरला बजावलं, स्टँड डावीकडे लाव, मी डावखुरा आहे.